तिसरा बिछाना



‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ ही म्हण आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा ऐकली आहे. तिघांचा मेळ बसणे कठीण, एवढाच तिचा आशय. परंतु त्यात थोडी भूमितीही दडलेली आहे. पलंग दोघांचा असतो, झोपाळ्याची पाटी दोघांना पुरते, टांग्याच्या मागच्या बैठकीवर दोघे ऐसपैस बसतात. तिसरा आला, की कोणाला तरी अंग चोरून घ्यावे लागते. समुद्रपर्यटनाच्या जहाजावरील केबिन ही अशीच, मुळात दोघांसाठी कल्पिलेली जागा आहे. त्या जागेत तीन प्रौढ माणसांनी चार-सात दिवस कसे राहावे, तिसऱ्याचा बिछाना तेथे येतो कोठून, त्याचे भाडे कसे ठरते, आणि बिछाना रिकामा असूनही तो कधी कधी नाकारला का जातो, याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

विषय वरकरणी किरकोळ वाटेल. पण तो आता पुष्कळ घरांत निघतो. २०२१ सालच्या सप्टेंबरात ‘एम्प्रेस’ हे पर्यटन-जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप यांच्या सफरी करू लागले. हे जहाज मूळचे १९९० सालचे, फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलेले. सिंगापूरहून, दुबईहून किंवा अमेरिकेतील फ्लोरिडाच्या बंदरांतून निघणाऱ्या सफरींना जाणारी मराठी कुटुंबेही आता विरळ राहिलेली नाहीत. अशा वेळी हिशेबाला बसले, की तिघांचा प्रश्न हमखास उपस्थित होतो. नवरा-बायको आणि नवऱ्याची विधवा आई. आईबाप आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी. दोघी बहिणी आणि त्यांची अविवाहित मावशी. नाही तर नुकतेच निवृत्त झालेले तिघे मित्र. या मंडळींतला तिसरा प्रवासी बहुधा असा असतो, की ज्याला एकट्यासाठी स्वतंत्र केबिन घेणे परवडत नाही, आणि जो आपण होऊन म्हणतो, ‘माझं काय, मी कुठंही पडेन.’ हे वाक्य मनाच्या मोठेपणातून आलेले असते, म्हणूनच ते जसेच्या तसे मान्य करण्याआधी तो ‘कुठंही’ म्हणजे नेमका कोठे, हे इतर दोघांनी पाहून घ्यावे.

प्रथम त्या जागेची ओळख करून घेऊ. जहाजाच्या पोटातील, खिडकी नसलेली साधी केबिन स्नानगृह धरून बहुधा दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते. ही मापे मुंबईकरांना अपरिचित नाहीत. १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी या भागांत ज्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची होती आणि तीत सातआठ माणसांचे संसार झाले. तेथे स्नानगृह-शौचालय मात्र खोलीबाहेर होते. जहाजावर ते आत असल्याने वावरायला जागा आणखी कमी उरते. केबिनच्या लहानपणाची तक्रार फार जुनी आहे. चार्ल्स डिकन्स हा इंग्रज कादंबरीकार १८४२ च्या जानेवारीत ‘ब्रिटानिया’ या आगबोटीने सपत्नीक अमेरिकेला गेला; आपल्याला मिळालेल्या खोलीची त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात यथेच्छ थट्टा केली.

तथापि जुन्या बोटींची व्यवस्था आणि आजच्या पर्यटन-जहाजांची व्यवस्था यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तिसऱ्याची सारी अडचण त्यातून उद्भवते. पूर्वीच्या बोटी माणसांना एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचवीत. त्यांवर प्रवासी विकत घेई तो एक बिछाना. चौघांच्या केबिनमध्ये चार परके पुरुष झोपत आणि बंदर आले, की आपापल्या वाटेने जात. आमच्या कोकणच्या बोटींवर तर बहुसंख्य उतारूंना केबिनही नसे. डेकवर पथारी पसरली, की ती जागा आपली. १९५८ साली अटलांटिक महासागरावरून जेट विमानांची वाहतूक सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत उतारूंची वाहतूक करणाऱ्या मोठ्या बोटींचा धंदा ओसरला. ज्या कंपन्या तगल्या त्यांनी प्रवास सोडून सहल विकायला घेतली आणि हॉटेलाचा कित्ता गिरवला. तेव्हापासून विक्रीचे परिमाण बिछाना हे राहिले नाही. ते झाले दोघांची खोली. सुटी म्हणजे जोडप्याने घ्यायची गोष्ट, हे त्यात गृहीत धरलेले असते.

या गृहीताचा ठसा जहाज-कंपन्यांच्या आकडेवारीतही दिसतो. दर केबिनमागे दोन माणसे धरून जो आकडा येतो, त्याला या धंद्यात शंभर टक्के म्हणतात. केबिनमध्ये तिसरा वा चौथा माणूस आला, की टक्केवारी शंभराच्या वर जाते. म्हणून एखादे जहाज एकशे पाच टक्के भरले होते, असे वाचले तर त्यात गैर किंवा धोक्याचे काही झाले असे समजू नये. २०२४ साली समुद्रावर आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या प्रचंड जहाजाची दोघांच्या हिशेबाने होणारी संख्या ५,६१० आहे, आणि सर्व बिछाने धरून अधिकाधिक प्रवासी ७,६०० आहेत. मधला जो सुमारे दोन हजारांचा फरक, ती या तिसऱ्या-चौथ्या माणसांची वस्ती. ती लहान नाही. फक्त तिचा हिशेब ‘शंभर टक्के’ भरल्यानंतर सुरू होतो.

आता या तिसऱ्या माणसाचा बिछाना कोठे असतो ते पाहू. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला म्हणजे भिंतीतून किंवा छतातून खाली ओढता येणारा वरचा बर्थ. त्याला पुलमन बर्थ म्हणतात. जॉर्ज पुलमन या अमेरिकन गृहस्थाने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात आगगाड्यांसाठी शयन-डबे बांधून मोठे नाव मिळवले. दिवसा मिटून ठेवायच्या आणि रात्री उघडायच्या या फळीला त्याचेच नाव चिकटले आणि ते आगगाडीतून जहाजावर गेले. दुसरा प्रकार म्हणजे सोफा-बेड. दिवसा बसायचे आसन, रात्री उलगडले की बिछाना.

दोहोंचे गुणदोष निरनिराळे आहेत. वरच्या बर्थाखालची जमीन मोकळी राहते, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्यावर चढायला शिडी लागते, छत डोक्याजवळ येते, आणि रात्री शौचास उठायचे तर हलत्या जहाजावर अंधारात त्या शिडीने उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, मधुमेहामुळे रात्री दोनदा उठणाऱ्याला, किंवा ज्याचा तोल सहज जातो त्याला हा बिछाना देऊ नये. सोफा-बेड जमिनीलगत असल्याने वयस्कांना सोयीचा. पण तो उलगडला, की खोलीतली जाण्यायेण्याची वाट बहुतेक मिटते. कित्येक केबिनमध्ये मग कपाटाचे दार अर्धेच उघडते, किंवा सज्जात जायचे तर झोपलेल्याच्या पायांवरून जावे लागते. शिवाय तो अनेकदा एका प्रौढ माणसाला आखूडही पडतो.

येथे आणखी एक बारकावा आहे. केबिनमधले खालचे दोन पलंग बहुधा चाकांवर किंवा सरकते असतात. ते जोडले तर एक मोठा पलंग होतो, वेगळे केले तर दोन. काही केबिनमध्ये वरचा बर्थ उघडायचा झाल्यास खालचे पलंग वेगळे करून भिंतीला लावावेच लागतात. म्हणजे तिसऱ्याच्या येण्याने पहिल्या दोघांची मांडणीही बदलते. ज्या तिघांना तीन स्वतंत्र बिछाने हवे आहेत, त्यांनी केबिन ठरवतानाच ‘पलंग वेगळे हवेत’ असे लिहवून घ्यावे आणि त्या विशिष्ट क्रमांकाच्या केबिनमध्ये तिसरा बिछाना कोणत्या प्रकारचा आहे हे विचारावे. कंपन्या जहाजाच्या मजल्यांचे जे नकाशे प्रसिद्ध करतात, त्यांत त्रिकोण, तारा, ठिपका अशी चिन्हे असतात; वरचा बर्थ कोठे, सोफा-बेड कोठे, हे त्यांवरून कळते. प्रत्येक कंपनीची चिन्हे वेगळी असल्यामुळे कोपऱ्यातली सूची पाहिल्याखेरीज नकाशावर विसंबू नये.

भाड्याकडे वळू. केबिनचे भाडे पहिल्या दोन प्रवाशांवर बसवलेले असते. एकटाच माणूस केबिन घेऊ लागला, तर त्याच्याकडून पुष्कळदा रिकाम्या दुसऱ्या जागेचेही भाडे घेतात. उलट तिसरा माणूस त्याच केबिनमध्ये आला, तर त्याच्यासाठी वेगळी जागा अडत नसल्याने त्याचे भाडे बरेच कमी असते. उदाहरणासाठी काही आकडे मनाने धरू. पहिल्या दोघांचे भाडे प्रत्येकी ६०,००० रुपये, तिसऱ्याचे ३०,००० आणि बंदरपट्टी व कर माणशी १२,००० रुपये आहेत असे समजा. तिघे एका केबिनमध्ये राहिल्यास भाडे १,५०,००० आणि कर ३६,०००, मिळून १,८६,००० रुपये होतात. दोन केबिन घेतल्या आणि एकात दोघे, दुसऱ्यात एक, असे राहिले, तर एकट्याला दुप्पट भाडे पडून रक्कम २,७६,००० वर जाते. फरक नव्वद हजारांचा. या हिशेबापुढे कोणाचेही मन एकाच केबिनकडे झुकेल, आणि त्यात वावगे काही नाही.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही, की सवलत मिळते ती मूळ भाड्यावर. बंदरपट्टी, कर आणि सेवकांसाठी रोज आकारली जाणारी बक्षिसी ही तिसऱ्यालाही बहुधा पूर्ण भरावी लागते. त्यामुळे जाहिरातीतली ‘तिसऱ्याला अर्धे भाडे’ ही अक्षरे शेवटच्या बिलात तेवढी ठळक राहत नाहीत. दुसरी गोष्ट अशी, की तुलना समान वस्तूंची करावी. सज्जाच्या एका महाग केबिनमध्ये तिघांनी दाटीने राहण्याचा खर्च आणि खिडकी नसलेल्या दोन साध्या केबिन घेण्याचा खर्च, यांत पुष्कळदा वाटतो तेवढा फरक नसतो. सज्जाची केबिन दोघांना आणि तिच्यासमोर, बोळाच्या पलीकडे, आतली केबिन तिसऱ्याला, अशी विभागणी केल्यास सज्जाचा उपभोग तिघांनाही घेता येतो आणि दाराला कडी लावून झोपण्याचे सुखही कोणाचे हिरावले जात नाही. दोन्ही हिशेब कागदावर मांडून मगच निर्णय करावा.

येथपर्यंतचा भाग सोयीचा आणि पैशाचा झाला. परंतु कधी कधी असा अनुभव येतो, की केबिनमध्ये तिसरा बर्थ आहे, तिघेही पैसे द्यायला तयार आहेत, तरीही कंपनी नकार देते. नवख्या माणसाला ही अडवणूक वाटते. वस्तुतः या नकाराच्या मागे समुद्रावरचा एक कठोर आणि योग्य नियम उभा आहे. जहाजावर माणसांची मर्यादा बिछान्यांवर ठरत नाही. संकटकाळी माणसे उतरवण्याची जी साधने जहाजावर असतात, त्या जीवरक्षक नौकांत आणि तराफ्यांत जेवढ्यांची सोय, तेवढीच माणसे जहाजावर घेता येतात.

हा नियम मनुष्यजातीने मोठी किंमत देऊन शिकला आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तिच्यावर बावीसशेंहून अधिक माणसे होती आणि जीवरक्षक नौकांत जागा होती ती १,१७८ जणांची. त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज प्रचलित असलेला करार १९७४ सालचा, वेळोवेळी सुधारलेला आहे. आपल्या किनाऱ्यालाही हे दुःख ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे समुद्राने गिळली. बोटीवर किती माणसे आहेत आणि त्यांना वाचवण्याची किती साधने आहेत, हे दोन आकडे एकमेकांशी जुळलेच पाहिजेत, याचा अर्थ रायगडच्या किनाऱ्यावरील गावांना कोणी समजावून सांगायला नको.

आता हाच नियम केबिनला लावून पाहा. जहाजाच्या प्रत्येक भागातील केबिन एका ठरावीक जमण्याच्या जागेशी आणि तेथल्या नौकांशी बांधलेल्या असतात. त्या भागातील सर्वच केबिनमध्ये तीन-तीन, चार-चार माणसे आली, तर त्या नौकांची मर्यादा ओलांडली जाईल. म्हणून वरचे बर्थ पुष्कळ केबिनमध्ये असले, तरी ते सगळे एकाच वेळी भरता येत नाहीत. प्रथम येणाऱ्यांना मिळतात. मर्यादा भरली, की उरलेले बर्थ त्या सफरीपुरते मिटलेलेच राहतात. पाळण्यात निजणारे तान्हे मूलही या मोजणीत एक जीव म्हणूनच धरले जाते. यावरून व्यवहाराचा एक धडा निघतो: तिघांनी एका केबिनमध्ये जायचे असेल, तर नोंदणी लवकर करावी, आणि ती करताना तिघांचीही नावे एकदमच द्यावीत. ‘आधी दोघांची केबिन घेऊ, आईचे नाव मागाहून घालू’ असे म्हणणाऱ्यांची पुढे निराशा होण्याचा संभव असतो.

जहाजावर चढल्यावर या संदर्भात एक कर्तव्यही आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि ३२ जण प्राणास मुकले. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची संकटकाळची कवायत तोवर झालेली नव्हती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांच्या आत केली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून हा नियम बदलला आणि जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी ती करणे बंधनकारक झाले. तिघांच्या केबिनमधील मंडळींनी या कवायतीला टाळाटाळ करू नये. जीवरक्षक जाकिटे केबिनमध्ये ठेवलेली असतील, तर ती दोन आहेत की तीन हे कपाट उघडून मोजावे. जमण्याच्या जागी मिळणार असतील, तर ती जागा तिघांनीही स्वतः चालत जाऊन पाहावी. दोघांसाठी योजलेल्या खोलीत टॉवेल, पेले, उशा यांसारखी प्रत्येक वस्तू दोनच निघण्याची शक्यता असते. टॉवेल मागाहून मागता येईल. जाकिटाची खातरजमा पहिल्याच तासात करायला हवी.

आता प्रत्यक्ष राहण्याविषयी. येथे मला आपल्या रेल्वेचा दाखला द्यावासा वाटतो. तीन मजली शयनयानात मधला बर्थ उघडला, की खालच्याला ताठ बसता येत नाही; आणि तो मिटला, की मधल्याला झोपता येत नाही. जागा एक आणि गरजा दोन. रेल्वेने यावर तोडगा काढला तो घड्याळाचा. रात्री दहा ते सकाळी सहा तो झोपण्यासाठी, एरवी बसण्यासाठी. पुरेशी जागा नसली, की वेळ वाटून घ्यावा, हे शहाणपण त्या साध्या नियमात आहे. जहाजाच्या केबिनमध्ये असा नियम लिहिलेला नसतो; तो तिघांनी पहिल्याच संध्याकाळी ठरवून घ्यावा लागतो.

पूर्वी बहुतेक जहाजांवर स्टुअर्ड दिवसातून दोनदा येई. सकाळी तो तिसरा बिछाना मिटवी आणि रात्री जेवणाच्या वेळी पुन्हा घालून ठेवी. अलीकडे काही कंपन्यांनी ही फेरी दिवसातून एकदाच केली आहे. अशा ठिकाणी बिछाना दिवसभर पसरलेला राहतो आणि खोलीत बसायला खुर्चीदेखील मोकळी सापडत नाही. तेव्हा पहिल्या दिवशीच स्टुअर्डला भेटून आपल्याला बिछाना केव्हा घातलेला आणि केव्हा उचललेला हवा, हे नम्रपणे सांगावे. या सेवकांत भारतीय, आणि त्यांतही गोव्याची माणसे, पुष्कळ भेटतात. दोन शब्द आपल्या भाषेत बोललात, तर काम तर होतेच, ओळखही होते. त्यांची स्वतःची निवासव्यवस्था जहाजाच्या खालच्या मजल्यांवर असते. दोघादोघांनी एका लहान खोलीत महिनोन्महिने राहावे लागते, आणि त्यांच्या बिछान्याला बहुधा एक पडदा असतो. तो पडदा ओढला, की माणूस घरी नाही असे समजायचे. प्रवाशांच्या केबिनमध्ये पडदा नसतो. तेथे तो मनाने ओढायचा असतो. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाशी बोलू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

स्नानगृहाची वाटणी ही तिघांच्या सहवासातील खरी कसोटी. एकाला पंधरावीस मिनिटे धरली, तरी तिघांना मिळून पाऊण तास ते एक तास लागतो. आणि किनाऱ्यावर उतरण्याच्या दिवशी किंवा रात्रीच्या जेवणाआधी तिघांनाही ते एकाच वेळी हवे असते. एकाने रात्री स्नान करावे, एकाने पहाटे, एकाने इतर दोघे न्याहारीला गेल्यावर. याखेरीज बऱ्याच जहाजांवर व्यायामशाळेजवळ कपडे बदलण्याच्या खोल्या व तुषारस्नानाची सोय असते. गर्दीच्या वेळी तिचा उपयोग करण्यात संकोच मानू नये. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवा मालवला, की मध्यरात्र आणि सकाळ यांत भेद राहत नाही. आधी उठणाऱ्याने मोठा दिवा लावला, की इतर दोघांची झोप संपली. म्हणून उशाशी लहान विजेरी ठेवावी आणि सकाळचे कपडे रात्रीच काढून ठेवावेत.

सामानाचा नियम सोपा आहे: रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवाव्यात आणि कपाटाचे कप्पे तिघांत मोजून वाटावेत. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. चुंबकाचे आकडे तेथे चिकटतात आणि ओल्या टोप्या, पिशव्या, ओळखपत्रे त्यांवर टांगता येतात. विजेचे प्लग थोडे असतात आणि तिघांचे फोन रात्री एकदमच भारावे लागतात. पण घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेण्यापूर्वी कंपनीचे नियम वाचावेत. आगीच्या भयास्तव तशा वस्तूंना पुष्कळ जहाजांवर मनाई असते आणि त्या तपासणीत काढून घेतल्या जातात.

एवढे करूनही केबिन लहानच राहणार. मग माणसे तीत सुखाने राहतात ती कशाच्या बळावर? चाळीतली माणसे ज्या बळावर राहिली, त्याच. चाळीतला माणूस खोलीत राहत नसे. तो गॅलरीत, जिन्यावर, अंगणात राहत असे आणि खोलीत निजायला जाई. जहाजाचे डेक, वाचनालय, भोजनगृह, वाऱ्याची बाजू सोडून टाकलेल्या खुर्च्या, ही केबिनची ओसरी आहे. तिघांपैकी प्रत्येकाने दिवसाचे काही तास एकट्याने या ओसरीवर काढावेत आणि प्रत्येकाला रोज एखादा तास केबिन एकट्यापुरती मिळावी, असे ठरवून घेतले, तर दीडशे चौरस फूट पुरतात.

ही ओसरी काढून घेतली, तर काय होते, हे २०२० सालच्या फेब्रुवारीत जगाने पाहिले. जपानमधील योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजावर कोरोनाची साथ उद्भवली, आणि ३,७११ माणसांसह ते जहाज रोखून धरण्यात आले. प्रवाशांना चौदा दिवस आपापल्या केबिनमध्ये राहण्याचा हुकूम झाला. ज्यांच्या केबिनला खिडकी नव्हती, त्यांना अधूनमधून थोडा वेळ डेकवर सोडीत. जहाजावर १३८ भारतीय होते, आणि त्यांतले १३२ कर्मचारी होते. इतके अपूर्व संकट पुन्हा येईलच असे नाही. पण वादळी हवेत डेक बंद झाले, एखाद्याला जहाज लागले किंवा पोटाचा विकार झाला, तर एक-दोन दिवस केबिन हेच सर्व विश्व होते. ज्या त्रयीला आपापसांत अर्धा दिवस मुकाट्याने काढता येतो, तिने खुशाल एक केबिन घ्यावी. ज्यांना घरच्या चार खोल्यांतही एकमेकांचे बोलणे सोसत नाही, त्यांनी नव्वद हजारांचा फरक झाला तरी दोन केबिनचा विचार करावा.

शेवटी, तो तिसरा बिछाना कोणी घ्यायचा? रूढ उत्तर असे, की ज्याने कमी पैसे दिले त्याने. मला ते न्याय्य वाटत नाही. तिसऱ्याचे भाडे कमी झाले ते कंपनीच्या हिशेबाच्या रीतीमुळे. त्या माणसाची किंमत कमी होती म्हणून नव्हे. तिघे एकत्र निघाले म्हणूनच एकूण खर्च उतरला. तेव्हा ती बचत तिघांची आहे. एकूण रक्कम तीन सारख्या भागांत वाटावी आणि बिछाना देहमानाप्रमाणे ठरवावा. ज्याचे गुडघे धड आहेत त्याने वर चढावे. ज्याला रात्री उठावे लागते त्याने स्नानगृहाजवळ निजावे. तिघेही धडधाकट असतील, तर पाळी लावावी. नवरा-बायको आणि आई असतील, तर खालचा पलंग आईला देऊन मुलाने शिडी चढावी, यात कमीपणा नाही.

तेव्हा आपल्या घरात अशी सफर ठरत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी केबिनचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरा आणि ‘मी कुठंही पडेन’ म्हणणाऱ्या माणसाला जवळ बसवून घ्या. कोणता बिछाना कोठे आहे, शिडी किती उंच आहे, रात्री वाट कोठून आहे, हे त्याला दाखवा. मग त्याला प्रथम निवडू द्या. राहिलेले दोन बिछाने दोघांनी वाटून घ्यावेत.